मुंबई रिकामी झाली की कोकणातली चूल मोठी होते

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात थोडं आमचं घर पण येणार आहे. रत्नागिरी तालुक्यातलं, पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वाडीतलं. सुरुवात मात्र एका कायद्यापासून करतो.

१३ मार्च २०२० ला महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी साथरोग कायदा लागू केला. हा कायदा १८९७ चा. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, विमान नव्हतं, पण २०२० मध्ये आपल्याला घरात बसवणाऱ्या कायद्यांपैकी एक हाच. अगदी छोटा कायदा आहे, मोजकी कलमं. (रत्नागिरीत कलम म्हटलं की आधी हापूसचं झाड डोळ्यासमोर येतं, कायदा नंतर. ते असो.)

हा कायदा झाला मुंबईच्या प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगास यांनी पहिला रुग्ण ओळखला. मशीद बंदराजवळची धान्याची गोदामं, तिथले उंदीर, आणि चाळीत एका खोलीत राहणारी आठ-दहा माणसं. पुढचं आपण शाळेत शिकलोय. फेब्रुवारी १८९७ ला कायदा, मग पुण्यात रँड, घरात घुसून झडत्या, २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या, टिळकांवर राजद्रोहाचा खटला. पाठ संपला, खाली स्वाध्याय.

पण एक आकडा त्या पाठात नसतो. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साधारण ८ लाख २२ हजार होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातली पावणेचार लाखांच्या आसपास माणसं शहर सोडून गेली, असा तेव्हाचा अंदाज आहे. म्हणजे जवळजवळ अर्धं शहर! गिरण्यांना कामगार मिळेनात, रोजच्या रोज पगार द्यायची वेळ मालकांवर आली. आता साधा प्रश्न: ही माणसं गेली कुठे?

कुणी गुजरात-काठेवाडला गेलं, कुणी घाटावर, आणि खूप जण कोकणात. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांमध्ये सगळ्यात जास्त कामगार एकाच जिल्ह्यातून आलेले असायचे आणि तो जिल्हा रत्नागिरी. तेव्हाची रत्नागिरी म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून, तो १९८१ मध्ये वेगळा झाला. रस्ते नावापुरते, रेल्वे तर पुढची शंभर वर्षं येणार नव्हती. येणं-जाणं बोटीने. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरं करत बोट खाली यायची. पावसाळ्यात दर्या बंद, बोटी बंद. प्लेग वाढला तो नेमका पावसाळा संपल्यावर, म्हणजे बोटी चालू असताना.

तर ही माणसं आपापल्या गावी उतरली. पण कुणाच्या घरात? जेवली काय? त्यांना कुणी आत घेतलं आणि कुणी अंगणात थांबवलं? याच्यावर फार काही लिहिलेलं सापडत नाही. सरकारी अहवालात मृत्यू मोजलेत, बंदरावरची तपासणी आहे, फवारणी आहे. स्वयंपाकघर नाही. मी दिवसभर लॉग वाचून बग शोधणारा माणूस आहे, मला ही गोष्ट खटकते. सिस्टिमवर अचानक दुप्पट लोड आला आणि सिस्टिम पडली नाही, तर तो लोड कुणीतरी घेतलेला असतो. लॉगमध्ये दिसत नाही एवढंच.

आमच्या आजीकडे त्या लॉगचा एक तुकडा होता. तिने तिच्या सासूकडून ऐकलेला आणि सासूने तिच्या सासूकडून. घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं. भांडी, तांदूळ, गुरं घेऊन सड्यावर जायचं आणि माडाच्या झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, गावाच्या डोक्यावर असतं ते. मुंबईहून कुणी आलं तर त्याची खोप थोडी लांब. जेवण पानावर वाढायचं, ते पान त्यानेच पुरायचं. आजी हे सांगायची तेव्हा आम्ही लहान होतो आणि आम्हाला ती ट्रेकिंगसारखी मज्जा वाटायची. आजी १९१८ च्या साथीला ‘मानमोडी’ म्हणायची. कुणाचं वय सांगायचं तर ‘मानमोडीच्या आदल्या सालचा’ असं तिच्या सासरी म्हणत असत.

मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा. जून १९१८ मध्ये मुंबईत आली, जराशी ओसरली आणि पावसाळ्यानंतर भयंकर रूप घेऊन परतली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद आहे. देशात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेली असं अभ्यासक मानतात. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे ज्यात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. त्या साथीवर मी वेगळा भाग करणार आहे, म्हणून इथे थांबतो.

आता २०२०.

लॉकडाऊनचा पहिला दिवस होता २५ मार्च, नेमका गुढीपाडवा. आमच्याकडे पाडव्याच्या मुहूर्ताची आंब्याची पेटी मुंबईला पाठवायची पद्धत आहे. त्या वर्षी पेटी भरून ओटीवर तशीच राहिली. मी पुण्याहून आठवडाभर आधी लॅपटॉप घेऊन आलो होतो. बागेत काम करणारे नेपाळी कामगार बागेतच अडकले, त्यांच्या घरी जायला गाडी नाही आणि आमच्याकडे पेटी न्यायला ट्रक नाही. झाडावर आंबा तयार होतोय, तो काही लॉकडाऊन बघत नाही. शेवटी परवाने निघाले, आणि त्या वर्षी आमच्यासारख्या खूप बागायतदारांनी पहिल्यांदाच वाशीच्या बाजाराऐवजी थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना पेट्या विकल्या. व्हॉट्सॲपवर ऑर्डर, मी बनवलेला एक ऑनलाइन फॉर्म आणि सड्यावर जाऊन बघितलेले पैसे, कारण रेंज फक्त तिथे. माझ्या ऑफिसच्या मीटिंगाही तिथूनच, करवंदीच्या जाळीजवळ. आई झेला धरून आंबा उतरवायची, आजी आढी लावायची. भाव बरा मिळाला. हा भाग सगळ्यांना आवडतो, वर्तमानपत्रांत पण आला. मला यापेक्षा मे महिन्याबद्दल बोलायचंय.

एप्रिलमध्येच गावागावांच्या वेशीवर बांबू आणि झाडाच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या. ग्राम कृती दलं तयार झाली: सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि वाडीतली दोन-चार माणसं. आमच्या वाडीतून बाबा होते. काम काय, तर बाहेरून कोण आलं ते लिहायचं, त्याला चौदा दिवस वेगळं ठेवायचं, ताप बघायचा. तेव्हा रत्नागिरीत तपासणीची प्रयोगशाळा नव्हती, नमुने मिरजेला जायचे. रिपोर्ट येईपर्यंत सगळी वाडी श्वास धरून.

आणि मुंबईत काय चाललं होतं? दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. सार्वजनिक संडास. कंपन्या बंद, पगार बंद. घर भाड्याचं. चाकरमानी दुसरं काय करणार? तो गावाकडेच बघणार. मे महिन्यात ई-पास मिळायला लागले आणि कशेडी घाटात गाड्यांची रांग लागली. काही जण त्याआधीच हायवेने चालत निघाले होते. आणि वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एकच मेसेज फिरत होता: मुंबईकरांनी कृपया येऊ नये. शेवटी हात जोडलेले.

‘मुंबईकर’ हा शब्द इथे नीट ऐका. शिमग्याला पालखी नाचवायला येतो तेव्हा तो ‘आमचा’ असतो. देवळाच्या जीर्णोद्धाराला पावती फाडायची तेव्हाही आमचाच. मे २०२० मध्ये तो मुंबईकर झाला. मी गावाला नावं ठेवत नाही. म्हातारी माणसं जास्त, जवळ मोठं हॉस्पिटल नाही, भीती खरी होती. पण सातबाऱ्यावर नाव असणं आणि उंबरठ्याच्या आत येता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या महिन्यात उघड दिसलं.

आमचा काका, काकू आणि त्यांची मुलगी नालासोपाऱ्याहून २३ मेला आले. काका बाबांचा मोठा भाऊ. घर दोघांचं, कलमं दोघांची, घरात काकाची खोली आहे जी वर्षातून दोनदा उघडते. आणि बाबांनी त्यांना घरात न घेता जिल्हा परिषदेच्या शाळेत नेलं. नियम सगळ्यांना सारखा. बाबा रस्त्याच्या पलीकडून म्हणाले, ‘दादा, चौदा दिवस रे.’ काका काही बोलला नाही. काकू म्हणाली, ‘भावोजी, चटई तरी द्याल ना?’

पुढचे दिवस आईने काय केलं ते सांगतो. सकाळी घावन किंवा पेज, दुपारी भात-आमटी, रात्री पुन्हा भात आणि कुळथाची पिठी. सगळं केळीच्या पानात बांधायचं, म्हणजे भांडी परत यायला नकोत. शाळेच्या पायरीवर ठेवायचं आणि हाक मारून मागे यायचं. घरी आम्ही चौघं, बागेत चार कामगार, शाळेत तिघं. गॅस सिलिंडर जपून वापरायचा म्हणून मागची चूल पेटली, लाकडं मी फोडली, ती पण वाईट. मधल्या वेळात आंब्याची साठं घालायची, रातांबे फोडून आमसुलं वाळवायची, कारण पाऊस पंधरा दिवसांवर. आणि आजीने न सांगता केळीचं पानच पुढे केलं होतं. शंभर वर्षांपूर्वीचा प्रोटोकॉल, कुठेही लिहून न ठेवलेला.

मग ३ जून.

निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, पण रत्नागिरीत सकाळपासूनच वारा सुटला होता. मिऱ्याच्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज येऊन रुतलं ते त्याच दिवशी. शाळेचे पत्रे वाजायला लागले. काकाचा तो शाळेतला बारावा दिवस. फोन लागत नव्हते, सरपंचांना विचारायला वेळ नव्हता. बाबा ओटीवर उभे. आत आणलं तर उद्या वाडी म्हणणार, स्वतःच्या भावाला नियम नाही. नाही आणलं आणि पत्रा उडाला तर?

आजी म्हणाली, ‘मागची पडवी मोकळी कर आणि तिला आतून कडी घाल. दार त्यांना मागचं.’ बस. पाच मिनिटांत निकाल. मी आणि बाबा जाऊन तिघांना घेऊन आलो, टॉवेल तोंडाला बांधून, दहा हात अंतर ठेवून, एवढ्या वाऱ्यात. आमचे दोन माड आणि एक जुनं रायवळ पडलं. शाळेचे तीन पत्रे गेले. चार दिवस वीज नव्हती.

आमचं नुकसान काहीच नाही म्हणायला पाहिजे. दापोली-मंडणगडला, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड या पट्ट्यात, अख्ख्या वाड्या झोपल्या. तिथे वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग. पोफळ लावली की सुपारी मिळायला सहा-सात वर्षं जातात, माडालाही तेवढीच किंवा जास्त. आजोबांनी लावलेली झाडं एका दुपारी गेली, आणि ती उचलायला मजूर नाहीत, करवत चालवायला वीज नाही, नातेवाइकांनी मदतीला यावं तर वाटेत क्वारंटाइन. तिथे मुंबईहून आलेल्या मुलांनीच पडलेली झाडं तोडली, घरावर ताडपत्री घातली. काही दिवसांपूर्वी ज्यांना वेशीवर अडवलं होतं, तीच. यावर मी टोमणा मारत नाहीये, झालं तसं सांगतोय.

आमच्याकडे ६ जूनला पडवीची कडी निघाली. मग खरी गंमत, म्हणजे अडचणही. दोन जावा अठरा वर्षांनी एका चुलीवर. काकूला नळाच्या पाण्याची सवय, आईला विहिरीची. मिठाचा अंदाज वेगळा. कोणी पहिल्यांदा उठायचं, कोणाच्या मोबाइलला चार्जर, काकाने चहा तिसऱ्यांदा मागायचा की नाही. एक दिवस मोठा वाद झाला तो खोबऱ्यावरून, आणि खरा मुद्दा खोबरं नव्हताच. काकू रडत म्हणाली, ‘आम्ही दर महिन्याला पैसे पाठवले ना गो?’ आई म्हणाली, ‘पाठवलेत. पण छपराची कौलं मी चाळलीय.’ दोघी खऱ्या होत्या.

मला वाटतं कोकणाचा दीडशे वर्षांचा हिशोब या दोन वाक्यांत आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, महाराष्ट्राचा आकडा ९२९. हे कौतुकाने सांगणारे लोक भेटतात. अहो, पुरुष मुंबईत असतात म्हणून तो आकडा तसा आहे! २००१ ते २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्याच ८० हजारांहून जास्त कमी झाली. आपण याला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणतो आणि सगळं लक्ष पाठवणाऱ्यावर असतं. पण मुंबई बंद पडते तेव्हा परतायला घर शिल्लक असतं, कारण कुणीतरी दर उन्हाळ्यात कौलं चाळलेली असतात, विहीर उपसलेली असते, तांदळाचं बी राखलेलं असतं. प्लेगमध्ये ते घर वापरलं गेलं. १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या संपात अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, तेव्हाही कित्येक बिऱ्हाडं अशीच गावाला आली. मुंबईचा विमा कोकणातल्या घरांनी उतरवलाय आणि त्याचा हप्ता तिथे राहणाऱ्या बायका भरतात. पॉलिसीवर मात्र नाव त्यांचं नसतं. आमच्या सातबाऱ्यावर आजीचं नाव आजोबा गेल्यावर लागलं, आईचं अजून नाही.

त्या पावसात काकाने आठ वर्षं पड असलेला शेताचा तुकडा लावला. नांगर शेजाऱ्यांचा. मी चिखलात उभं राहून लावणी केली आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरली, सोमवारी मीटिंगला कॅमेरा बंद. काकूने परसात मांडव घातला. पडवळ, दोडका, काकडी, चिबूड, बाजूला अळू आणि भेंडी. तिला हे येतं हे तिच्या मुलीलाच माहीत नव्हतं. काकू माहेरची राजापूरची, लग्नानंतर चाळीच्या गॅलरीत तुळस सोडून काही लावलं नव्हतं तिने. ऑगस्टमध्ये भाजी एवढी झाली की ज्या घरांनी तो हात जोडलेला मेसेज फॉरवर्ड केला होता त्यांच्याकडे पण पडवळं गेली. काकूनेच पाठवली. का, ते मी विचारलं नाही.

गणपती २२ ऑगस्टला होते. एसटीने येणाऱ्यांना ई-पास नको, पण दहा दिवस वेगळं राहायचं, घरचा गणपती दोन फुटांपर्यंत. घरोघर फिरून आरत्या नाहीत, बाल्या नाच नाही. आमच्या घरी मात्र कित्येक वर्षांनी सगळे होते, कारण सगळे आधीच अडकलेले होते.

दिवाळीनंतर काका-काकू परत गेले. एप्रिल २०२१ ची लाट आली तेव्हा ते तिकडेच राहिले. त्या लाटेत आमच्या वाडीत तीन माणसं गेली, पहिल्या वर्षी एकही नव्हतं. मग मे मध्ये तौक्ते वादळ, २२ जुलैला चिपळूणचा महापूर. एकामागून एक. आजी २०२२ मध्ये गेली, वयाने. तो शेताचा तुकडा परत पड आहे. मांडवाचे खांब उभे आहेत, त्यावर आई आता एकटीच दोडका चढवते.

आणि एक तांत्रिक गोष्ट. १८९७ साली कोण कुठे गेलं ते कळत नाही, पण १९०१ ला जनगणना झाली. १९१८ नंतर १९२१ ला झाली, म्हणून आपल्याला निदान तो खड्डा दिसतो. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. त्यामुळे २०२० च्या मे-जूनमध्ये कोकणातल्या कुठल्या घरात किती माणसं जेवत होती याचा जवळचा कागद म्हणजे कृती दलांच्या वह्या. आमच्या वाडीची वही बाबांकडे आहे. शाळेचीच कोरी हजेरीवही वापरली होती. ३ जूनच्या रकान्यात बाबांच्या अक्षरात आहे: ‘वादळामुळे हलवले, घरी, मागील पडवी.’ कोणी शिजवलं त्याचा रकाना नाही. मी पानांचे फोटो काढून ठेवलेत, नावं झाकून.

तुमच्या गावात अशी वही असेल, तर ती रद्दीत जायच्या आधी तेवढे फोटो काढा. आणि घरात कुणी प्लेगच्या किंवा मानमोडीच्या ऐकीव गोष्टी सांगणारं असेल तर फोनचा रेकॉर्डर चालू करून समोर बसा, चहा त्यांना तुम्ही करून द्या. पुढच्या भागात मानमोडीवर बोलू. भेटू.